वडापाव खाऊन यकृत कडक होतं का?

प्रश्न : आमच्या ह्यांना सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, म्हणून डॉक्टरांनी फायब्रोस्कॅन करायला सांगितलं. जाताना ह्यांनी वाटेत दोन वडापाव आणि चहा घेतला. रिपोर्टमध्ये 9.7 आलंय. मशीन बरगड्यांमध्ये टकटक करत होतं म्हणे. हे नक्की काय मोजतात? खाण्यामुळे आकडा चुकला असेल का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते. हो, चुकला असू शकतो. हा आकडा यकृताच्या ताठरपणाचा असतो. जेवणानंतर आतड्यांकडून यकृताकडे जाणारं रक्त वाढतं, यकृत थोडं ताठरतं आणि आकडा चढतो. तपासणीआधी निदान 3 तास पोटात काही नको. हे वेळ देतानाच सांगायला हवं होतं. माझ्याकडेही 'फक्त चहा घेतलाय' म्हणणाऱ्यांच्या शर्टावर शेव सापडते!

आता ती टकटक. चाळीच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी आठवा. सैल दोरीला टिचकी मारली तर लाट रमतगमत पलीकडे जाते, ताणलेल्या दोरीवर सटकन पोचते. इथे टिचकी मारतो तो प्रोब. त्याचं टोक 50 हर्ट्झचा छोटा धक्का देतं, त्याची लाट यकृतात शिरते आणि अल्ट्रासाऊंड तिच्या मागावर राहतो. त्याला ते सहज जमतं, कारण तो शरीरात सेकंदाला सुमारे 1540 मीटर धावतो आणि ही लाट जेमतेम एक-दोन मीटर. लाटेचा वेग 1 मीटर असेल तर ताठरपणा 3 किलोपास्कल. वेग 2 मीटर झाला, तर 6 नव्हे, 12, कारण ताठरपणा वेगाच्या वर्गाने वाढतो! यजमानांची लाट साधारण 1.8 मीटरने गेली, म्हणून 9.7.

फॅटी लिव्हरमध्ये 8 च्या खाली आकडा असला की आम्ही बऱ्यापैकी निर्धास्त असतो. 9.7 मधला आहे. घाबरू नका, पण फाईलमध्ये घालून विसरूही नका. उपाशीपोटी पुन्हा करून घ्या. रिपोर्टमध्ये निदान 10 मापं धरलेली आहेत का ते पाहा, आणि 'आयक्यूआर', म्हणजे मापांचा विखुरलेपणा, 30 टक्क्यांच्या आत आहे का तेही. मापं एकमेकांपासून फार विखुरली असतील तर मधल्या आकड्यावर माझा तरी विश्वास बसत नाही. यजमानांचं पोट सुटलेलं असेल तर मोठा, एक्सएल प्रोब वापरला का, हेही विचारा. डीबी प्रति मीटरमधला दुसरा आकडा चरबीचा असतो, त्याची यात गल्लत करू नका.

सकाळची पहिली वेळ घ्या. डबा सोबत असू द्या, पण तुमच्या पिशवीत, त्यांच्या नको.