इंटरॅक्शनचे अलर्ट नेमके कसे करावेत?

तुमचा प्रश्न असा की, रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमधले औषधांच्या इंटरॅक्शनचे (एका औषधाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम) अलर्ट, म्हणजे पडद्यावर उघडणाऱ्या इशाऱ्याच्या खिडक्या, डॉक्टर न वाचताच बंद करतात. तर 'गंभीर' सोडून बाकी सगळे काढून टाकावेत का? मी क्लिनिकल फार्मासिस्ट आहे आणि हे नियम लिहिण्याचंच काम करते. माझं मत: नका काढू. गंभीरतेच्या पातळीची चाळणी लावली की खिडक्या कमी होतात, पण 'गंभीर' म्हणून उरलेल्यांतही बिनकामाच्या कितीतरी असतात.

एक प्रसंग सांगते. वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असलेल्या रुग्णाला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर केटोरोलॅक या वेदनाशामकाचे डोळ्यांचे थेंब लिहिले गेले. लगेच लाल खिडकी: 'रक्तस्रावाचा गंभीर धोका'. नियम गोळी-इंजेक्शनसाठीचा, लागला थेंबांना. चार दिवसांनी त्याच रुग्णाला को-ट्रायमॉक्साझोल या अँटिबायोटिकच्या गोळ्या, ज्यांनी वॉरफेरिनचा परिणाम खरोखर वाढतो. तीच खिडकी, तेच शब्द, तीही तशीच बंद झाली. आठवड्याभरात आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) 6 च्या वर, म्हणजे रक्तस्रावाचा खरा धोका. त्या डॉक्टरांना दोष द्यायला माझी जीभ रेटेना. ती खिडकी न वाचण्याची सवय आमच्याच नियमाने लावली होती.

तेव्हा आधी औषध कुठल्या मार्गाने जातंय ते नियमाला कळू द्या. मग गटावर लिहिलेले नियम फोडा. 'स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची औषधं) आणि मॅक्रोलाइड (अँटिबायोटिकांचा एक गट)' हा नियम सिमवास्टॅटिन-क्लॅरिथ्रोमायसिनला अगदी योग्य आहे: क्लॅरिथ्रोमायसिनमुळे सीवायपी3ए4 हे औषध मोडणारं एन्झाइम अडतं, सिमवास्टॅटिन रक्तात साचतं आणि स्नायूंना इजा होते. रोसुवास्टॅटिनचा त्या एन्झाइमशी फारसा संबंध नाही, आणि अॅझिथ्रोमायसिन ते फारसं अडवतही नाही. त्या दोघांना तीच खिडकी कशाला?

सगळ्यात जास्त फरक पडतो तो तपासण्यांचे आकडे जोडल्यावर. एनालाप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही पोटॅशियम वाढवतात, तरी हार्ट फेल्युअरमध्ये ती मुद्दाम एकत्र देतात. पोटॅशियम 4.2, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) ठीक, रिपोर्ट ताजा असेल तर काम थांबवू नका; पुढच्या तपासणीची आठवण पुरे. पोटॅशियम 5 च्या पुढे गेलं की मात्र थांबवा, आणि तो आकडा तारखेसकट खिडकीतच दाखवा. रिपोर्ट नसेल किंवा जुना असेल, तर सॉफ्टवेअरने गप्प बसता कामा नये. 'माहिती नाही' म्हणजे 'नॉर्मल' असं धरणारा नियम मला जुन्या गोंगाटापेक्षा जास्त घातक वाटतो.

वयाचंही तसंच. शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन (अँटिबायोटिक) आणि कॅल्शियम एकत्र आले की त्यांचा साका होऊ शकतो: 28 दिवसांपर्यंतच्या बाळाला पूर्ण बंदी हवी, त्याहून मोठ्यांना मधे शिरेतली नळी (लाइन) नीट धुऊन (फ्लश करून) एकामागून एक देता येतं.

नेमकेपणा म्हणजे फक्त कपात नव्हे, हेही लक्षात घ्या. अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांचं औषध) बंद केल्यावरही त्याचा परिणाम कित्येक आठवडे, कधी महिने टिकतो. चालू औषधांचीच यादी पाहणारं सॉफ्टवेअर इथे चुकतं. तिथे अलर्ट वाढवावा लागतो.

सुरुवात ओव्हरराइडच्या, म्हणजे डॉक्टरांनी अलर्ट डावलल्याच्या, नोंदींपासून करा. सर्वाधिक वेळा बंद झालेल्या औषधांच्या वीस जोड्या काढा आणि एक फिजिशियन, एक फार्मासिस्ट मिळून प्रत्येकीची खरी प्रिस्क्रिप्शनं उघडून पाहा. नवा नियम आधी पडद्यामागे, जुन्या नोंदींवर चालवा. किती खिडक्या कमी झाल्या हे नंतर मोजा. ज्या रुग्णांना खरोखर त्रास झाला होता, त्यांतला एकही सुटत नाही ना, हे आधी बघा.