साडेतीन वर्षांच्या मुलीला घरी खेळातून काय शिकवता येईल? दोघंही नोकरी करतो, रोज अर्धा तास मिळतो. फ्लॅशकार्डचा संच घ्यावा का?

संच घेऊ नका.

एवढं तडकाफडकी लिहितेय, कारण असला एक संच आमच्या घरी होता. बहात्तर जाड कार्डं, लाकडी ठोकळे, पुसायची पाटी, सगळं एका भल्यामोठ्या खोक्यात. २०१९च्या मे महिन्यात लेकीच्या चौथ्या वाढदिवसाला पुण्याच्या वन्संनी आणला. किमतीची चिठ्ठी काढायची राहून गेली होती, साडेतीन हजार. मी सांगलीत गावभागात ब्लाउज शिवते. तेव्हाच्या हिशोबानं ते अस्तराचे चौदा ब्लाउज झाले. आता एवढ्या किमतीची वस्तू म्हटल्यावर पोरीपेक्षा मलाच तिची भीती. हात धुऊन ये, कोपरा दुमडू नकोस, जागच्या जागी ठेव. रोज दहा कार्डं दाखवायची असं वन्संनी बजावलं होतं. लेक हत्ती बघायची, वाघ बघायची, तिसऱ्या कार्डाला उठून माझ्या मशीनखाली जाऊन बसायची.

तिथं तिचा खजिना होता, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझी बटणं. दोन भोकांची, चार भोकांची, मागं कडी असलेली, टिचबटणं, शिवाय गिऱ्हाइकांच्या जुन्या कपड्यांची निघालेली. तिनं आपलीआपण वाटण्या लावल्या होत्या. आधी रंगानं. मग एक दिवस सगळं मोडून भोकांनी. मी विचारलं, मोती रंगाचं हे कुठं जाणार? म्हणाली, "काल पांढऱ्यात होतं, आज चारमध्ये." एकच वस्तू दोन घरांत बसते हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

वन्संनी हे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, तू तिला कामाला लावलीयस. ह्याला शिकणं म्हणत नाहीत." माझ्याच घरात, माझ्याच मशीनपाशी. मी काही बोलले नाही. आज बोलतेय.

त्याच ऑगस्टमध्ये कृष्णा घरात आली. सांगलीच्या माणसाला पूर सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी एवढंच की आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेलं की धोका, आणि त्या वर्षी ते ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही तळमजल्यावर राहायचो. मशीन, गिऱ्हाइकांचे कपडे, तांदळाचा डबा, सिलिंडर असं जे सुचेल ते मालकांच्या माडीवर नेलं. बटणांचा डबा मशीनच्या खणात होता म्हणून आपोआप वर गेला. संच कपाटावर होता. म्हटलं, तिथवर काय येतंय पाणी.

माडीवर तीन बिऱ्हाडं, तेरा माणसं. लाइट नाही, फोन बंद पडत चाललेले. मोठी माणसं गॅलरीत उभी राहून समोरच्या गच्चीला एकच विचारायची, "आयर्विनला किती?" आणि लेक मला दर दहा मिनिटांनी, "आई, खेळायचं काय?"

जिन्याला एकोणीस पायऱ्या. पाणी आलं तेव्हा दोन बुडालेल्या. मी शिवणाचा खडू घेतला आणि पाण्याच्या काठाशी भिंतीवर रेघ मारली. फ्रॉक मागून मुठीत धरून तिला जिन्यात बसवलं आणि म्हटलं, मोज, आपल्या किती राहिल्या? सतरा. दुपारी पंधरा. रात्री मेणबत्ती धरून मोजल्या, तेरा. टेप लावून एक पायरी सात इंच हेही बघून झालं. दुसऱ्या दिवशी ती मोजायला गेली आणि वर न येता तिथूनच ओरडली, "आई, पाण्याच्या पायऱ्या वाढल्या की आपल्या कमी होतात!" सगळी माडी गप्प झाली. मालकीणकाकूंनी तर पदर तोंडाला लावला. मला मात्र, खरं सांगते, त्या भीतीतही आत कुठंतरी आनंद झाला. वजाबाकी समजली होती पोरीला. भर पुरात.

आयर्विनचे आकडे ऐकून ऐकून एकावन्न, बावन्न, त्रेपन्न तिच्या तोंडात बसले. गंमत म्हणजे त्याच जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणितात एकवीसला 'वीस एक' वाचायचं आलं होतं आणि टीव्हीवर त्यावरून भांडणं चालली होती. वन्सं नव्या पद्धतीच्या बाजूनं, म्हणून मी जुन्या. इथं मात्र एक कबूल करते. पहिलीत गेल्यावर माझी बावन्न-त्रेपन्न फाडफाड बोलणारी लेक बावन्न सांगितलं की २५ लिहायची. बोलताना दोन आधी येतात ना! तेव्हा त्या पुस्तकवाल्यांचं अगदीच चुकलं होतं असं नाही. हे वन्संना सांगितलेलं नाही.

पाचव्या दिवशी पाणी हटायला लागलं. लेकीला ह्या उलट्या खेळाचीही मजा, "आपल्याला एक पायरी परत मिळाली." फोन चार्ज झाला आणि वन्संचा पहिला फोन आला. सगळे बरे आहात ना, हे विचारलंच त्यांनी. त्याच्या पुढचं वाक्य होतं, "संच वर नेला होतास ना?"

कपाट आडवं झालं होतं. कार्डं फुगून एकमेकांना चिकटून विटेसारखा गठ्ठा झालेला, गाळानं भरलेला. घमेल्यात भरून बाहेर टाकला.

आता तुमचं. अर्धा तास वेगळा काढूच नका. दमून आल्यावर 'चल, शिकूया' म्हणून बसलात की तुम्हालाही कंटाळा आणि तिलाही. जे काम करणारच आहात त्यात तिला घ्या. मटार सोलताना शेंगेत किती दाणे निघतील ते आधी सांगायचं आणि मग उघडायची. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावायच्या. कणकेचा गोळा द्या, लाटू दे, वळू दे, बोटांत जोर आल्याशिवाय पेन्सिल नीट धरता येत नाही. पलंग किती वितींचा? तिच्या आणि तुमच्या विती मोजा, आकडे वेगळे येतात, मग का ते तिलाच विचारा. गाडीवरून जाताना शेवटच्या अक्षराच्या भेंड्या. अक्षरं गिरवायची घाई साडेतीनला नको. आमच्या लेकीच्या बालवाडीतल्या बाईंनी तिला चौथ्या वर्षी 'अ' येत नाही म्हणून मला बोलावून घेतलं होतं, तेव्हा मी घाबरले. आज घाबरले नसते.

आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताई सांगत होत्या की लहान मुलांच्या शिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं ते आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंवरच. ताराबाईंना चाललं ते वन्संना चालत नाही, असो.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. बटणं, चिंचोके, मणी तीन वर्षांच्या आत अजिबात नको. त्यानंतरही तुम्ही समोर असाल तरच, कारण नाकात-तोंडात जातातच. टेप गळ्यात घालून खेळू देऊ नका. पाण्याजवळचा खेळ तर मी नाइलाजानं केला, तोही तिला धरून. शिवाय मला एकच लेक. दुसरं मूल असतं तर कदाचित कार्डांतच रमलं असतं. आणि वन्सं वाईट नाहीत, पुरानंतर मशीनच्या नव्या मोटारीचे पैसे त्यांनीच पाठवले, न मागता.

तरीही संच घेणारच असाल तर एखादा स्वस्तातला घ्या, फाटला तरी जीव जाणार नाही असा. आणि नदीकाठी राहत असाल तर कपाटावर ठेवू नका.

ता. क. : हे उत्तर लेकीनं वन्संना फोनवर वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, कार्डं बहात्तर नव्हती, शंभर होती.