वाचकांचे प्रश्न : हिमनदीची दरी आणि तिच्याखालचा खडक

प्रश्न : हिमनदीने कोरलेली दरी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी असते, असे आम्ही शाळेत शिकलो. परंतु छायाचित्रांत काही दऱ्या उभ्या कड्यांच्या, काही पसरट, तर काही पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. बर्फ सगळीकडे सारखाच असताना हा फरक का पडतो?

उत्तर : बर्फ सगळीकडे सारखाच असतो, हे गृहीतक पूर्ण खरे नाही. खडकाला गोठून चिकटलेला बर्फ जवळजवळ काहीच झिजवत नाही. तळाशी वितळलेले पाणी असेल तरच हिमनदी घसरते आणि कोरते. तथापि आपण विचारलेल्या फरकाचे मुख्य कारण बर्फाखालच्या भूमीतच आहे.

हिमनदी सहसा नवी वाट काढत नाही. नदीने आधीच कोरलेल्या ‘व्ही’ आकाराच्या दरीत ती उतरते. त्या अरुंद तळाशी दोन्ही बाजूंच्या घर्षणामुळे बर्फाची गती कमी राहते, तर उतारांवर काहीशा उंचीवर तो अधिक वेगाने घसरतो. त्यामुळे बाजू अधिक झिजून दरी हळूहळू रुंदावते. नदीची वाटही अनेकदा भूगर्भाने आखून दिलेली असते. स्कॉटलंडमधील लॉख नेस हे सुमारे ३७ किलोमीटर लांब व २३० मीटर खोल सरोवर इतके सरळ आहे, कारण तेथील मोठ्या प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या, रेषेवर चुरडलेला खडक बर्फाने सहज उकरून नेला.

खडक किती कठीण आहे यापेक्षा तो किती भेगाळलेला आहे, हे माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे. हिमनदी खडक घासते तशीच त्याचे ठोकळेही उपटून नेते, आणि ठोकळे सुटायला भेगा लागतात. अमेरिकेतील योसेमिटी दरीचा अभ्यास करणाऱ्या फ्रान्स्वा मॅथेस यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हे बारकाईने मांडले आहे. तेथे जवळपास सर्वत्र ग्रॅनाइटच्याच जातीचे खडक आहेत. तरीही जेथे भेगा विरळ होत्या तेथे एल कॅपिटानसारखा सुमारे ९०० मीटर उंचीचा कडा टिकला आणि जेथे त्या दाट होत्या तेथे दरी रुंद झाली. वरच्या भागात मर्सिड नदी १८१ मीटरांच्या नेवाडा व ९७ मीटरांच्या व्हर्नल धबधब्यांवरून उतरते, त्या पायऱ्याही अखंड आणि भेगाळलेल्या खडकांच्या आलटून पालटून येण्यानेच घडल्या.

भूमीच्या उंचसखलपणाचाही वाटा मोठा आहे. उपहिमनद्या येऊन मिळतात तेथे बर्फाचा ओघ वाढतो आणि तळ खोल जातो. उलट, दरीच्या भिंती संपून बर्फाला पसरायला जागा मिळाली, की त्याची जाडी व कोरण्याची शक्ती घटते. नॉर्वेतील सोग्नेफ्योर्ड ही हिमनदीने कोरलेली व समुद्राचे पाणी शिरलेली दरी म्हणूनच आत १३०० मीटरांहून अधिक खोल, तर समुद्राकडील मुखाशी २०० मीटरांहूनही उथळ आहे. तळ असा चढता असूनही बर्फ पुढे सरकू शकला, कारण त्याच्या प्रवाहाची दिशा मुख्यतः पृष्ठभागाच्या उतारावर ठरते.

छायाचित्रांबाबत एक सावधगिरी हवी. योसेमिटीचा सपाट तळ बर्फाने तासलेला नाही. तो बर्फ ओसरल्यावर साचलेल्या गाळाचा आहे. काही ठिकाणी मूळ खडक त्याखाली सुमारे ६०० मीटर खोल आहे.