भाच्याच्या खायच्या चमच्यांत 12 लाख घालू का?

काका, तुमचा मेसेज दोनदा वाचला. तुम्ही 61 चे, बडोद्यात कारेलीबागेत स्वतःचं घर, रिटायरमेंटचे 34 लाख बँकेत पडलेत, आणि ताईंचा मुलगा मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) शेड घेऊन ज्वारी-गव्हाच्या पिठाचे, जेवण झालं की खाऊनच टाकायचे चमचे बनवणार, त्यासाठी 12 लाख मागतोय, वर 20 टक्के हिस्सा देतो म्हणतो, नाहीतर 12 टक्के व्याज, आणि बँकेच्या लोनला तुमची सही पण हवीय.

सहीचं आधी सांगून टाकतो. करू नका. जामीनदार म्हणजे नुसता साक्षीदार नसतो, हप्ते थकले की बँक भाच्याला सोडून थेट तुमच्याकडे येऊ शकते, कायद्यात दोघांची जबाबदारी सारखीच धरलीय. 12 लाख गेले तर 12 च जातील, पण सहीने किती जातील ते आज कोणीच सांगू शकत नाही.

आता तुमचा हिशोब. घरखर्च 28 हजार, ईपीएसची पेन्शन 3,200, काकूंच्या शिकवण्यांचे 5 हजार. 34 पैकी 30 लाख सरकारच्या सीनियर सिटिझन बचत स्कीममध्ये टाकले तर 8.2 टक्क्यांनी महिन्याला 20,500 पडतात (मिळतात तिमाहीला, पण समजायला महिन्याचं बघू), म्हणजे एकूण 28,700, कसंबसं भागतं आणि 4 लाख आजारपणाला हाताशी राहतात. 12 देऊन टाकले तर उरलेले 22 सगळे तिथे टाकून सुद्धा 15 हजारच येतात, दर महिन्याला पाचेक हजारांचं भोक, आणि हाताशी काही नाही. भाच्याचं 12 टक्के व्याज वेळेवर आलं तर भोक बुजतं, खरंय, पण वेळेवर येईल का तेच तर बघायचंय.

तुम्ही लिहिलंत, प्लास्टिकचे चमचे बंद झालेत म्हणजे मार्केट पक्कं. 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकचे चमचे-काटे-ताटल्या देशभर बंद आहेत हे बरोबर, पण त्या जागी काय आलं ते रविवारी सेव-उसळ खायला जाल तेव्हा बघा ना, लाकडी चमचा, होलसेलमध्ये रुपयाच्या आसपास. भाच्याला लढायचंय या लाकडी चमच्याशी, आणि तो 4 रुपये सांगतोय. मी आमच्या दांडिया बाजारातल्या लारीवाल्याला (हातगाडीवाल्याला) विचारलं तर तो हसला, म्हणे, "चमची कोण खाय, पाउं तो छे ज ने!" (चमचा कोण खाणार, पाव आहेच की!) कल्पना काही नवी नाहीये, हैदराबादच्या नारायण पीसापाटींनी 2010 मध्ये ज्वारीचे चमचे सुरू केले, 2016 ला त्यांचा व्हिडिओ जगभर फिरला, आपण सगळ्यांनी वाहवा केली, पण त्यानंतर तुमच्या हातात असा चमचा किती वेळा आलाय?

भाच्याने एका चमच्याला खर्च 2 रुपये 80 पैसे लिहिलाय, म्हणजे सुटले 1 रुपया 20. पण त्यात पीठ, गॅस, मजुरी एवढंच धरलंय. तुमचं व्याज महिन्याला 12 हजार, शेडचं भाडं 18 हजार, म्हणजे 25 हजार चमचे विकले की फक्त हे दोन खर्च निघाले, त्याचा पगार, बँकेचा हप्ता अजून बाकीच. आणि तुटफूट? टेम्पो वाघोडिया रोडपर्यंत जाऊन येईस्तोवर किती तुकडे होतील! पावसाळ्यात झाकण उघडं राहिलेल्या डब्यातल्या खारीचं काय होतं ते काकूंना विचारा. तसं होऊ नये म्हणून चमचे पॅक करणार ते परत प्लास्टिकच्या पाऊचमध्ये, असो. केटररची उधारी वेगळीच. छोट्या उद्योगाची सरकारी उद्यम नोंदणी असली तर 45 दिवसांत पैसे मागायचा हक्क आहे, पण लग्नसराईतल्या केटररला कायदा दाखवला की पुढची ऑर्डर गेली.

20 टक्के हिश्श्याचं सांगतो, त्याची फर्म प्रोप्रायटरशिप आहे, म्हणजे एकट्याच्या मालकीची, तिच्यात शेअर नावाची वस्तूच नसते. साधी भागीदारी केलीत तर फर्मचं देणं तुमच्याही अंगावर येणार. हिस्सा हवाच असेल तर त्याने आधी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करावी.

पोरगा मेहनती आहे म्हणता, मग त्याला पीएमएफएमई या सरकारी योजनेची, ती अजून चालू आहे का याची चौकशी करायला लावा, छोट्या खाद्य उद्योगांसाठीच आहे ती, बँक लोन घेऊन उभारलेल्या प्रकल्पाच्या खर्चावर 35 टक्के सबसिडी, कमाल 10 लाख. त्यात त्याचे स्वतःचे 10 टक्के तरी लागतात. तुम्हाला मदत करायचीच असेल तर तिथे करा, दीड लाख, त्या 4 मधून, चेकने, आणि परत आले नाहीत तरी ताईंकडे राखीला जाता येईल अशा मनाने. तुमचा 5 लाखांचा मेडिक्लेम चालू आहे म्हणून एवढं तरी म्हणतोय. मेसेजमध्ये तुम्ही ताईंचं नाव चार वेळा घेतलंत आणि ऑर्डरचं एकदाच, ती पण एका केटररने "बघू" म्हटल्याची.

तो चेक सुद्धा लगेच नको. भाच्याला सांगा 500 चमचे बनव, भर पावसात दोन रविवार न्याय मंदिराजवळच्या एखाद्या लारीवर 4 रुपयांना ठेव, फुकट नाही हं, फुकट तर सगळेच घेतात. किती विकले गेले, किती मऊ पडले ते मला कळवा, मग पुढचं बोलू.