‘बाहेरून’ बी.ए.

हुपरीहून आलेल्या त्या ताई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, एकच इचारायचंय. बाहेरून केलेल्या पदवीला किंमत असती का न्हाई?"

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. शिरोलीच्या फौंड्रीत शिफ्ट करणारा मुलगा विचारतो, दुकानात बिलं करणारी मुलगी विचारते, सैन्यातून परतलेला जवान विचारतो. म्हणून या ताईंची गोष्ट सांगते आहे, त्यांना विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

वय 33. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. नवरा फौंड्रीत, घरात सासू-सासरे आणि दीर. ताई घरी बसून पैंजणाच्या कड्या जोडायचं काम करतात; चांदीनं बोटांची टोकं काळपट झालेली. लग्नाआधी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होत्या, पुढं ते राहूनच गेलं. तलाठी भरतीला पदवी लागते हे कळल्यावर त्यांनी दूरशिक्षणानं पुन्हा पहिल्या वर्षापासून बी.ए.ला नाव घातलं. मग एक दिवस जेवताना दीर म्हणाले, "वहिनी, बाहेरून केलेल्या पदवीला कुत्रंसुद्धा विचारत न्हाई." तेव्हापासून ताईंची झोप उडाली होती.

आपल्याकडे हा ‘बाहेरून’ शब्द जुना आहे. पूर्वी बहिःस्थ म्हणून नाव नोंदवायचं, पुस्तकं आपली आपण मिळवायची आणि थेट परीक्षेला जायचं. शिकवणं त्यात नव्हतंच. दूरशिक्षण ही त्याहून वेगळी व्यवस्था आहे. घरी एकट्यानं वाचून समजेल अशा पद्धतीनं लिहिलेली पुस्तकं मिळतात, अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्रं, म्हणजे समोरासमोर शिकवण्याचे तास, होतात, असाइनमेंट तपासल्या जातात. पण लोकांच्या तोंडी शब्द तोच राहिला, आणि त्याला चिकटलेला कमीपणाही.

मी ताईंना ठाम सांगितलं, दीर चुकताहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या दूरशिक्षण नियमावलीत मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली आहे, आणि सप्टेंबर 2022 मध्ये आयोगानं तेच पुन्हा स्पष्ट केलं. भरतीच्या जाहिरातीत ‘मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी’ असं लिहिलेलं असतं, ती वर्गात बसून घेतली की घरी बसून, याची अट नसते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून हेच काम करतंय, त्याचं विभागीय केंद्र कोल्हापुरात आहे. आपल्या शिवाजी विद्यापीठातही दूरशिक्षणाचं केंद्र आहे. बघायचं ते एवढंच की, तुम्ही घेताय तो अभ्यासक्रम, त्या विद्यापीठात, त्या वर्षी, आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे ना.

ताईंनी पर्समधून एक चिटोरं काढलं. त्यावर त्यांचा डीईबी आयडी, म्हणजे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, लिहिलेला होता. हा क्रमांक 2024 पासून दूरशिक्षणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः काढावा लागतो. यादीही पाहिली. ताईंचा प्रवेश पक्का होता, यादीतला होता.

मी दहा मिनिटं बोलले. सगळं खरं बोलले. ताईंचा चेहरा जसाच्या तसा.

इथं माझं चुकलं होतं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन मी मोकळी झाले, आणि तो प्रश्न त्यांनी आजच का विचारला हे विचारलंच नाही. मग विचारलं, "ताई, पुस्तकं आलीत?"

"आल्यात की."

"कुठं असतात?"

"कपाटावर. पिशवीतनं काढलीच न्हाईत अजून."

चार महिने झाले होते. रविवारची तीन संपर्क सत्रं चुकली होती. असाइनमेंटची तारीख तीन आठवड्यांवर आली होती. खूप वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, आणि मग पर्सच्या आतल्या कप्प्यातून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. जुनी मार्कलिस्ट. आठ घड्या, घडीच्या रेषांवर कागद फाटलेला, एका जागी सेलोटेप. इंग्रजीपुढे 23.

"लग्न ठरलं म्हणून सोडलं असं मी सगळ्यास्नी सांगतो. खरं ह्ये हाय. नापास झालो म्हणून बाबांनी लग्न ठरवलं."

तेरा वर्षं तो कागद त्यांनी जवळ बाळगला होता. दिराच्या एका वाक्यानं त्यांची झोप का उडावी, ते मला तेव्हा समजलं. पदवीला किंमत नाही असं कुणी खात्रीनं सांगितलं असतं, तर ती पिशवी उघडायचीच गरज उरली नसती. ‘ही पदवी चालेल का’ असं विचारणाऱ्या बऱ्याच जणांना मनात ‘मला झेपेल का’ हे विचारायचं असतं. पहिला प्रश्न चारचौघांत विचारता येतो, दुसरा येत नाही. पहिल्याचं उत्तर सरकारी कागदात मिळतं. दुसऱ्यासाठी माणसाबरोबर बसावंच लागतं.

त्या दिवशी आम्ही दोनच गोष्टी केल्या. एक म्हणजे तासांचा हिशेब. अभ्यास किती, हे क्रेडिटमध्ये मोजतात; दूरशिक्षणात एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे 30 तास धरलेले असतात. त्यात वाचन, लेखन, संपर्क सत्र सगळं आलं. चार क्रेडिटचा एक पेपर म्हणजे 120 तास. सहामाही सत्राला असे पाच पेपर म्हटले तर 600 तास, सहा महिन्यांच्या 26 आठवड्यांत आठवड्याला 23 तास. हा आकडा ऐकून ताई दचकल्या. मी तो मुद्दाम लपवत नाही. "घरबसल्या पदवी, नुसती परीक्षा द्या" असं सांगून नाव घालायला लावणारे लोक या बायकांचं फार नुकसान करतात. आठ दिवसांत पुस्तक संपलं नाही की बाई स्वतःलाच दोष देते. पुस्तक आठ दिवसांचं नव्हतंच, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

जुन्या कालनिर्णयच्या पानामागे त्यांनी आपला दिवस मांडला. पहाटे पावणेपाच ते सहा, नळाला पाणी यायच्या आधी, सहा दिवस. दुपारी मुलं शाळेत असताना एक तास, पाच दिवस. रविवारी दोन तास. बेरीज साडेचौदा. तेवीस कुठून आणायचे? कुठूनच आणायचे नाहीत. साडेचौदा तासांत तीन पेपर नीट बसतात. तीन वर्षांची पदवी तीनच वर्षांत संपवायची सक्ती नसते, नोंदणीची मुदत त्याहून मोठी असते आणि माहितीपुस्तिकेत ती छापलेली असते. राहिलेले दोन पेपर पुढच्या वेळी. "म्हंजे चार-पाच वर्सं लागतील," ताई म्हणाल्या. लागतील. तेव्हा त्या 38 च्या असतील, आणि शिकल्या नाहीत तरी 38 च्याच असतील. पण खुल्या वर्गाला तलाठी भरतीत वयाची अट आड येऊ शकते, म्हणून ताज्या जाहिरातीतली मर्यादा स्वतः वाचून घ्या, असंही त्यांना सांगितलं. खोटी आशा मला देता येत नाही.

तीन पेपर कुठले, यावर आमचं थोडं वाजलं. त्यांना इंग्रजी मागं टाकायचं होतं. मी म्हटलं, इंग्रजी आत्ताच. ते कपाटावर राहिलं तर बाकीची पुस्तकंही तिथंच राहतील.

दुसरी गोष्ट हाताची. मी त्यांना कागद-पेन दिलं आणि आपल्या गावाबद्दल एक पान लिहायला सांगितलं. अर्ध्या पानाला 22 मिनिटं लागली. दिवसभर बारीक कड्या जोडणारी ती बोटं पेन धरून आखडली होती, अंगठ्यावर वळ उठला होता. सत्राअखेरच्या लेखी परीक्षेला किमान 70 टक्के वजन असतं, असाइनमेंटसारख्या अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त 30. तेरा वर्षांनी परीक्षेला बसणाऱ्याला येत असलेलं उत्तरही हात साथ देत नाही म्हणून अर्धं राहतं. हे कुठल्याही माहितीपुस्तिकेत नसतं. रोज एक पान, घड्याळ लावून, एवढंच सांगितलं.

जाताना त्यांनी आणखी एक कार्ड दाखवलं. नवऱ्याच्या मित्रानं दिलेलं: एका वर्षात पदवी, परीक्षेला यायची गरज नाही. ते कार्ड मी त्यांच्यासमोर फाडलं. तीन वर्षांची पदवी एका वर्षात कुणी देत नाही, आणि एजंटाला विद्यापीठाची फ्रँचायझी चालवायची परवानगी नाही. एक गोष्ट बाकीच्यांसाठीही सांगून ठेवते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलींना समुपदेशक व्हायचं असतं. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा हे दूरशिक्षणानं होत नाहीत आणि 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रही बंद झालं आहे. कुणी प्रवेश देतो म्हणत असेल तर पैसे भरू नका.

दीड महिन्यानं ताई आल्या त्या समाजशास्त्राचं पुस्तक घेऊन. पानांवर हळदीची बोटं. सामाजिक स्तरीकरणाच्या धड्यात समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘आमची गल्ली’. इंग्रजीचं वाचन मुलगी घेते म्हणाल्या. रात्री भांडी झाल्यावर ती मोठ्यानं वाचते, आई मागून वाचते, चुकलं की मुलगी ताटावर चमचा वाजवते. सासूबाई पहिल्यांदा कुरकुरल्या. पुढं त्यांनीच पहाटेचा चहा करायला घेतला. का, ते ताईंनाही माहीत नाही, आणि मी विचारलं नाही.

शाहू महाराजांनी या गावात 1901 पासून बोर्डिंगं काढली ती खेड्यातल्या पोरांना शहरात राहून शिकता यावं म्हणून. पोरगं शाळेपर्यंत आणायची ती सोय होती. पण दोन मुलांची आई, अंगावर घेतलेल्या कामाची बाई, तिला घर सोडून कुठं आणणार? तिच्या ओट्यापर्यंत पुस्तकच जायला हवं. मला दूरशिक्षणाबद्दल इतकं आतून वाटतं ते यामुळं.

निकाल लागला तेव्हा ताईंचा फोन आला. मराठी आणि समाजशास्त्र सुटलं होतं. इंग्रजी राहिलं, थोडक्यात.

मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "परत बसतो की मॅडम. फॉर्मची शेवटची तारीख कवा हाय, तेवढं बगून सांगा. आन् आता धा मिंटात पान हुतंय."