‘पपा ऐकतच नाहीत’

‘ताई, आमच्या पपांना कुणीतरी समजवा. दिवसभर मोबाइल, आणि त्यात दिसेल ते सगळं खरं!’ गोव्यात डिचोली असो, फोंडा असो की म्हापसा, हे वाक्य थोड्याफार फरकाने ऐकल्याशिवाय समुपदेशक म्हणून माझा एक आठवडा जात नाही. कधी पपांच्या जागी सासूबाई असतात, कधी निवृत्त शिक्षक असलेले काका. विषयही बदलतो : लस, मायक्रोवेव्ह, बुडणारी बँक, कुणाचं तरी कारस्थान. येतो तो मात्र नेहमी मुलगा, मुलगी नाहीतर सून. ज्यांच्याबद्दल तक्रार असते ते तेव्हा घरी सोप्यावर बसून पुढचा व्हिडिओ बघत असतात.

म्हणून एका घराची हकिगत सांगते. खरं तर तीन घरांची. ओळख पटू नये म्हणून ती एकत्र शिवली आहेत आणि आठ-नऊ बैठकी मोजक्या प्रसंगांत बसवल्या आहेत.

मुलगी पर्वरीला राहणारी, नोकरी वेर्ण्याला. वडील डिचोलीजवळच्या गावात, वय ६८. गावात त्यांना सगळे भाई म्हणतात. खाण कंपनीच्या ऑफिसात हिशेब लिहायचे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि भाई घरी बसले. मध्ये सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. खाणपट्ट्यातल्या माणसांनी त्या काळात इतक्या जणांकडून इतकी वेगवेगळी आश्वासनं ऐकली आहेत, की ‘मोठी माणसं खरं सांगत नाहीत’ हे त्यांना पटवायला कुठल्याही व्हिडिओची गरज नाही. जमीन आधीच नांगरलेली असते.

नऊ वर्षं नियमित घेतलेली रक्तदाबाची गोळी भाईंनी सहा आठवड्यांपूर्वी बंद केली होती. व्हिडिओतला माणूस म्हणत होता, ही गोळी म्हणजे सावकाश विष. आता सकाळी दुधीचा रस आणि वर एक चूर्ण. मुलीने घरच्या ग्रुपवर तो दावा खोटा असल्याच्या दोन लिंक टाकल्या. भाईंनी उत्तरादाखल तीन व्हिडिओ टाकले. मग ती रडली, ओरडली, बोलायची बंद झाली. आई दोघांच्या मध्ये.

पहिल्या बैठकीत मी भाईंबद्दल फारसं विचारलंच नाही. तिला विचारलं, ‘ते ऐकत नाहीत तेव्हा तुझ्या मनात कुठलं वाक्य येतं?’

‘त्यांनी ऐकलंच पाहिजे. मी शिकलेली आहे, त्यांच्या भल्याचंच सांगतेय.’

‘यातला “च” काढून वाक्य पुन्हा म्हण.’

‘त्यांनी ऐकलं तर... बरं होईल.’ ती थांबली. ‘पण हे फारच मिळमिळीत वाटतं.’

मिळमिळीत वाटतं खरं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या, ‘झालंच पाहिजे’चा हट्ट सोडायला शिकवणाऱ्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा भर असतो, आणि मराठीत काम करणाऱ्याला त्यांच्यापेक्षा एक सोय जास्त आहे : आपल्याकडे हट्ट एका अक्षरात सापडतो. ‘ऐकलंच पाहिजे’ म्हणणाऱ्याचा आवाज चढतो, आणि चढलेल्या आवाजापुढे समोरचा आपल्या मताची नाही, आपल्या मानाची बाजू लढवायला लागतो. एकदा मानाची लढाई झाली की खऱ्याखोट्याला कोण विचारतो? आणि ग्रुपवर, म्हणजे भाचे-पुतण्यांच्या देखत, वडिलांना खोटं पाडलं तर त्यांनी ‘हो, माझं चुकलं’ म्हणावं ही अपेक्षा तरी कशी ठेवायची?

तेव्हा तिला तीन आठवड्यांसाठी तीनच पथ्यं दिली. ग्रुपवर काहीही खोडून काढायचं नाही. बोलायचं ते दोघांतच, आणि जेवताना नाही. त्यांनी काही दाखवलं की पूर्ण बघायचं, आणि मग ‘यातलं तुम्हाला काय पटलं?’ एवढंच विचारायचं. उत्तर आलं की गप्प बसायचं. हे शेवटचं सगळ्यांत कठीण. पहिल्या आठवड्यात तिला ते दोनदाच जमलं.

भाई माझ्याकडे यायला तयार नव्हते. ‘मला काय वेड लागलंय?’ अशा वेळी घरचे बहुधा खोटं बोलून आणतात, ‘चला, जरा बाजारात जाऊन येऊ’ म्हणून. ते करू नये. माणूस दारातच बंद होतो. तिने खरं ते सांगितलं : ‘पपा, तुमच्याशी भांडण न करता कसं बोलायचं ते शिकायला मी जाते. तुम्ही आलात तर माझं काय चुकतं ते तुम्हीच सांगा.’ तक्रार करायला मिळणार म्हटल्यावर ते आले.

वीस मिनिटं तक्रार झाली. मग मी विचारलं, ‘भाई, रोज इतके व्हिडिओ येतात. त्या एकातच असं काय होतं, की तुम्हाला वाटलं, हा माझ्याबद्दल बोलतोय?’

ते गप्प झाले. मग वाकून उजवी चप्पल काढली, पँट वर सरकवली आणि घोट्याच्या वरच्या हाडावर अंगठा टेकवला. ‘इथं. संध्याकाळी इथं दाबलं की खड्डा पडायचा. चपलेचा पट्टा बसायचा नाही. त्या माणसाने पहिलंच विचारलं, तुमचे पाय सुजतात का? गोळी बंद केली आणि पंधरा दिवसांत पाय उतरले. आता सांगा, तो खोटा कसा?’

मी विचारलं, ‘हे आधी कोणाला सांगितलं होतं?’

त्यांनी मुलीकडे बघितलं नाही. ‘कोणेंच विचारूंक ना गो, बाय.’

मुलीने तोंडावर हात ठेवला. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि मीही मुद्दाम बोलले नाही.

सगळी गाठ इथे होती. भाई घेत होते ती अ‍ॅम्लोडिपिन. या गोळीने काही जणांच्या घोट्यांना सूज येते, मात्रा जास्त असेल तर अधिक. दिवसभर पाय लोंबते राहिले की संध्याकाळी ती वाढते. गोळी थांबवली की सूज ओसरते. म्हणजे त्या व्हिडिओतला एक तुकडा खरा होता, आणि तो भाईंच्या स्वतःच्या पायांनी सिद्ध केला होता. घरातले लोक म्हणत होते ‘सगळं खोटं’, आणि ते रोज संध्याकाळी आपला सडपातळ घोटा बघत होते. अशा माणसाने कोणावर विश्वास ठेवावा? शिवाय या गोळीचा अंमल शरीरात हळूहळू उतरतो, काही दिवस लागतात. पुढे रक्तदाब चढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. फायदा डोळ्यांना दिसतो, तोटा दिसत नाही.

‘बाबा मोबाइलच्या नादाने बिघडले’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आता हाच प्रश्न विचारायला लावते : त्या व्हिडिओने त्यांच्या कुठल्या न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं? कुठे सुजलेले पाय असतात, कुठे रात्रीची भीती, कुठे पेन्शन पुरेल का ही चिंता. हा प्रश्न सुचायला मला बरीच वर्षं लागली हे कबूल करते. पण सुचल्यापासून तो क्वचितच वाया गेला आहे.

त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात दाब मोजला : १६८/९८. भाई म्हणाले, ‘जिना चढून आलो, त्यात ही पोर बाजूला.’ हरकत अगदीच चुकीची नव्हती. दवाखान्यात अनेकांचा दाब जास्त येतो. डॉक्टरांनी पाय, हृदय आणि मूत्रपिंड तपासून (सूज त्यांच्यामुळेही असू शकते) आठवडाभर घरी मोजायला हरकत नाही म्हटल्यावरच आम्ही पुढे गेलो. दाब १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखणं, दम लागणं, बोबडी वळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं यातलं काहीही असेल, तर वही बाजूला ठेवून १०८ ला फोन करायचा, हे दोघांनाही बजावलं.

घरी मोजण्याची रीत अशी. दंडाला बांधायचं डिजिटल यंत्र, मनगटाचं नको. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, पाच मिनिटं गप्प बसायचं. त्या वेळी मोबाइलही नाही. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीला. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, दोन मोजण्यांत एक मिनिट. सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर दाब वाढलेला धरायचा.

आठवड्याने भाई लाल पुठ्ठ्याची वही घेऊन आले. चार स्तंभ, चोवीस नोंदी, खाली सरासरी १५८/९४ आणि तिच्याखाली खतावणीत मारतात तशी दुहेरी रेघ. वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, ‘पाय बरे आहेत. दाब वाईट आहे. दोन्ही खरं.’

या वाक्यासाठी मुलगी दीड महिना भांडत होती. ती वही घेऊन बापलेक डॉक्टरांकडे गेले. भाईंनी पायांबद्दल स्वतः सांगितलं. डॉक्टरांनी गोळी बदलली. बस, एवढंच झालं. पायांची गोष्ट दोन वर्षांपूर्वी कुणी विचारली असती तर व्हिडिओला दारच मिळालं नसतं.

मोबाइलकडे आम्ही त्यानंतर वळलो, आधी नाही. बहुतेक घरं क्रम उलटा लावतात. एका घरात मुलाने वडील झोपल्यावर गुपचूप चॅनेल ब्लॉक केले. वडिलांना कळलं, आणि ‘सत्य दाबतात’ या त्यांच्या समजुतीला घरातूनच पुरावा मिळाला.

भाईंचं म्हणणं होतं, ‘एक माणूस खोटं बोलेल. पण हे सगळीकडून येतंय.’ म्हटलं, मोजू या. व्हॉट्सअ‍ॅपवर गोळीविरुद्धचे चौदा मेसेज सापडले, नऊ जणांनी पाठवलेले. काहींवर दुहेरी बाण होता. याचा अर्थ तो मजकूर पाच किंवा जास्त हात बदलून आलेला असतो. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, हे बंधन एप्रिल २०२० पासून आहे. उघडून बघितल्यावर चौदांचे व्हिडिओ निघाले तीन, तिघांत बोलणारा माणूस एक, आणि खाली चूर्णाच्या डबीची लिंकही एकच. भाई हसले. ‘म्हणजे एकाच बिलाच्या चौदा झेरॉक्स.’

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. पुन्हा पुन्हा ऐकलेलं वाक्य केवळ ओळखीचं झालं म्हणून जास्त खरं वाटू लागतं, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९७७ मध्ये विद्यार्थ्यांवर दाखवलं. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा विधानं दिली. जी परत आली ती, खरी असोत की खोटी, जास्त खरी वाटली. तरुण विद्यार्थ्यांचं हे होतं, तर म्हाताऱ्यांना भोळे कशाला म्हणायचं?

यूट्यूबचा घाव वेगळा. तिथे कुणी पाठवत नाही, आपण काय बघितलं त्यावरून पुढचं ताट वाढलं जातं. भाईंच्याच हाताने आम्ही सेटिंगमधून त्या विषयाचे बघितलेले व्हिडिओ हिस्टरीतून काढले, आपोआप पुढचा सुरू होणं बंद केलं, आणि त्या चॅनेलच्या व्हिडिओजवळच्या तीन टिंबांत जाऊन ‘डोन्ट रेकमेंड चॅनेल’ दाबलं. नुसतं काढून भागत नाही, रिकाम्या ताटात काही वाढावं लागतं. आठवडाभर त्यांनी शोधून शोधून अभिषेकीबुवांची नाट्यगीतं आणि गोव्यातल्या भजनी मेळ्यांचे कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकले. मुखपृष्ठ बदलत गेलं. व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप मात्र सोडले नाहीत; गावात ग्रुप सोडणं म्हणजे भांडण. कायमचे म्यूट केले आणि व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं. स्वतः दाबल्याशिवाय उघडणार नाही, एवढा अडसर पुष्कळ होतो. रात्री चार्जर स्वयंपाकघरात, उशाशी साधं गजराचं घड्याळ.

एक गोष्ट आगाऊ केली. भाईंना सांगितलं, ‘असा नवा माणूस येईलच. तो आधी घाबरवेल, मग डॉक्टर लुटतात म्हणेल, आणि शेवटी काहीतरी विकेल. तिसरी पायरी कितव्या मिनिटाला येते ते वहीत लिहा.’ खोटं येऊन बसल्यावर उपटण्यापेक्षा आधीच त्याची चाल दाखवलेली बरी; मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकग्वायर यांनी १९६० च्या दशकात याला लसीची उपमा दिली होती. पंधरवड्याने भाईंचा फोन आला : ‘बाय, गुडघ्यांचा आलाय. अकराव्या मिनिटाला तेलाची बाटली काढली!’

सगळ्याच घरांत असं होत नाही, हेही लिहायला हवं. झोप पार उडाली असेल, घरचेच आपल्या जिवावर उठलेत असं वाटत असेल, दारं-खिडक्या बंद ठेवून बसणं सुरू झालं असेल, तर ते फॉरवर्डचं दुखणं नाही. समजावत न बसता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. बांबोळीला मनोरुग्णालयात सोय आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे.

भाईंच्या मुलीची एक तक्रार अजून उरलीय. गोळी सुरू आहे, चूर्ण बंद आहे, पण दुधीचा रस काही सुटत नाही. मी म्हटलं, डॉक्टरांना ठाऊक आहे ना? मग राहू दे. फक्त आधी फोडीचा एक कण जिभेवर ठेवून बघायचा, आणि कडू लागला तर तो दुधी टाकून द्यायचा, रस एक घोटही घ्यायचा नाही. कडू दुधीचा रस विषारी ठरू शकतो. भाईंनी तेही वहीत लिहून घेतलं, आणि त्याच्याखाली रेघ मारली.