‘मॅप’ला नकाशा म्हणू नये, ‘फ्लॅट’ला सपाटीकरण

जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मराठी टिपा काढणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: अ‍ॅरेच्या (घटकांच्या क्रमवार यादीच्या) ‘मॅप’ला ‘नकाशा काढणे’ आणि ‘फ्लॅट’ला ‘सपाटीकरण’ म्हटले तर चालेल का?

माझ्या मते दोन्ही टाळावेत. मेथडची, म्हणजे अ‍ॅरेवर चालणाऱ्या अशा तयार क्रियांची, नावे कोडमध्ये आहेत तशीच राहणार, त्यांना पर्याय शोधायचा नाही. पण मेथड काय करते हे मुलांना सांगताना जे क्रियापद वापराल, ते नेमके हवे.

‘मॅप’ हा शब्द इथे भूगोलातून आलेला नाही, गणितातून आला आहे. एका संचातल्या प्रत्येक घटकाला दुसऱ्या संचातला एक घटक नेमून द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. प्रोग्रॅमिंगमध्ये तो फार जुना आहे. लिस्प या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेवरच्या जॉन मॅकार्थी यांच्या १९६०च्या निबंधात ‘मॅपलिस्ट’ आहेच. जावास्क्रिप्टच्या प्रमाणित आवृत्तीत ‘मॅप’ आली २००९ साली. नकाशाचा यात कुठेच संबंध नाही.

या क्रियेसाठी मराठीत एक सुरेख प्रत्यय तयार आहे: ‘-गणिक’. घरागणिक, माणसागणिक, शब्दागणिक. ‘माणसागणिक मत वेगळे’ म्हटले की जितकी माणसे तितकी मते, हे वेगळे सांगावे लागत नाही. मॅपची अटही तीच: आत जितके घटक, बाहेर तितकेच. मात्र नुसते ‘घटकागणिक’ पुरणार नाही, कारण ‘फॉरईच’ ही दुसरी मेथडही घटकागणिकच चालते, फक्त परत काही देत नाही. मॅप नवा अ‍ॅरे देते. तेव्हा ‘घटकागणिक रूपांतर’ म्हणावे. जरा लांब आहे, पण त्यात चुकायला जागा नाही.

‘फ्लॅट’चे प्रकरण अधिक रंजक आहे, कारण मुळात हे नावच तडजोडीतून आले. आधी ठरले होते ‘फ्लॅटन’. पण मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) स्वतःची ‘फ्लॅटन’ अ‍ॅरेला कधीच जोडून ठेवली होती. २०१८मध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत अंगभूत ‘फ्लॅटन’ येताच मूटूल्सवर चालणारे एक संकेतस्थळ मोडले. मग नाव बदलण्याची चर्चा पेटली, कुणी गमतीने ‘स्मूश’ सुचवले, त्यावरूनही वाद झाले आणि शेवटी ‘फ्लॅट’वर एकमत झाले. २०१९च्या आवृत्तीत ‘फ्लॅट’ आणि ‘फ्लॅटमॅप’ दोन्ही दाखल झाल्या. जुनी संकेतस्थळे मोडू नयेत म्हणून निवडलेल्या विशेषणाचे शब्दशः भाषांतर करण्याचा आग्रह आपण का धरावा?

शिवाय ‘सपाटीकरण’ अर्थानेही चुकते. शेताचे सपाटीकरण केले की उंचवटा उरत नाही. फ्लॅट अ‍ॅरेच्या आतले अ‍ॅरे सोडवते, पण काही न सांगता वापरली तर एकच पातळी काढते. हे पाहा:

["अ", ["आ", ["इ"]]]

यावर फ्लॅट चालवली की मिळते:

["अ", "आ", ["इ"]]

‘इ’ अजून कंसातच आहे. तिलाही बाहेर काढायचे तर किती पातळ्या हे आकड्याने सांगावे लागते, किंवा सरसकट सगळ्या काढायच्या असतील तर ‘इन्फिनिटी’ (अनंत) द्यावी लागते. ‘सपाट’ शिकलेला मुलगा इथे हमखास अडखळतो.

मी ‘उकलणे’ सुचवेन. घडी उकलताना एकेक पदर सुटतो, आणि ‘एक पदर उकला’, ‘दोन पदर उकला’, ‘सगळे पदर उकला’ असे मोजूनही सांगता येते. आत किती खोल जायचे हा प्रश्न त्या शब्दातच येतो.

आता ‘फ्लॅटमॅप’. समजा, अ‍ॅरेत दोन वाक्ये आहेत: "पाऊस आला", "छत्री घे". मॅपने प्रत्येक वाक्य शब्दांत तोडले तर दोन छोटे अ‍ॅरे हाती येतात:

[["पाऊस", "आला"], ["छत्री", "घे"]]

फ्लॅटमॅपने तेच केले तर चार शब्द एका ओळीत मिळतात:

["पाऊस", "आला", "छत्री", "घे"]

म्हणजे घटकागणिक रूपांतर करून एक पदर उकलणे. नेहमी एकच, इथे आकडा देण्याची सोय नाही. इथे ‘जितके आत तितके बाहेर’ ही अटही सुटते. एखाद्या घटकासाठी रिकामा अ‍ॅरे परत दिला तर तो घटक निकालातून गळतोच. त्यामुळे टिपांमध्ये मॅप आणि फ्लॅटमॅप शेजारी ठेवाल तेव्हा प्रत्येकीखाली निकालाची लांबी जरूर लिहा: वरच्या उदाहरणात एकीची दोन, दुसरीची चार.